दाढेची नस वाचवणारं सिमेंट : तुलनेच्या अभ्यासांची एक तपासणी

(कर्वेनगर, पुणे इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)

   आम्ही दोघं इथेच कर्वेनगरात दाताचा दवाखाना चालवतो. समोर बोलायला एक जण उभा आहे, पण वाचन दोघांनी मिळून केलंय आणि मतंही दोघांची आहेत. म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय, मोठेपणा म्हणून नव्हे.

आज नवीन उपचाराची जाहिरात करायची नाही. गेली काही वर्षं आमच्या क्षेत्रात एक प्रश्न फार चर्चेत आहे. मोठ्या माणसाच्या दाढेची नस सुजली, ठणकायला लागली, तर ती सगळी काढून रूट कॅनाल करायचं, की नसेचा खराब भाग काढून उरलेल्या भागावर औषधी सिमेंट ठेवून ती जिवंत ठेवायची? आणि ठेवायची तर कोणतं सिमेंट चांगलं? यावर जगभर अभ्यास झालेत, आपल्याकडेही झालेत. ते अभ्यास नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढंच आज बघायचंय.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ सोडवू. तुम्ही ‘कॅप’ म्हणता ती रूट कॅनालनंतर दाढेवर बसवतात ती टोपी, चांदीच्या रंगाची किंवा दातासारखी पांढरी. आमच्या पुस्तकात ‘पल्प कॅपिंग’ असतं ती कॅप वेगळी. ती दाताच्या आत, उघड्या पडलेल्या नसेवर ठेवायची. वरून दिसत नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सिमेंटचा थर, बस. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांना आम्ही म्हटलं, ‘नसेवर कॅप ठेवू.’ त्या म्हणाल्या, ‘कॅप नको, माझ्या सुनेची दोनदा निघाली.’ चूक आमची होती. म्हणून आज ‘कॅप’ न म्हणता ‘झाकण’ म्हणू.

आता नस म्हणजे काय? आपण ‘नस’ म्हणतो, पण ती एक दोरी नाही. दाताच्या पोकळीत मऊ, जिवंत ऊती असते. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दाताचा कडक भाग तयार करणाऱ्या पेशी असतात. दाढेच्या वरच्या भागात तिची एक खोली असते आणि तिथून मुळांमध्ये तीन-चार बारीक वाटा जातात. कीड वरून आत येते. म्हणजे आधी वरच्या खोलीतली ऊती सुजते. मुळातली बऱ्याचदा अजून धड असते. घरातल्या दिवाणखान्याला आग लागली म्हणून लगेच मागची कोठीची खोली जळाली असं होत नाही. वेळेत दार लावलं तर कोठी वाचते. नस वाचवण्याचा सगळा उपचार याच एका गोष्टीवर उभा आहे. वरच्या खोलीतली सुजलेली ऊती काढायची, रक्त थांबवायचं, मुळाच्या तोंडाशी सिमेंटचं झाकण ठेवायचं आणि वरून दात घट्ट भरून टाकायचा. याला पूर्ण पल्पोटॉमी म्हणतात. वरच्या खोलीतला थोडाच भाग काढला तर ती अर्धवट पल्पोटॉमी.

लहान मुलांच्या दातांत हे पूर्वीपासून होत आलंय. वाद आहे तो मोठ्यांच्या, मुळं पूर्ण तयार झालेल्या दाढांचा. आमच्या शिक्षणात एक वाक्य पाठ करून घेतलं जायचं. रात्री झोपेतून उठवणारं, गरम-थंड घेतल्यावर बराच वेळ न थांबणारं, आपोआप सुरू होणारं दुखणं म्हणजे ‘इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस’, न परतणारा दाह. आणि न परतणारा दाह म्हणजे रूट कॅनाल. दुसरा पर्याय नाही. वाक्य संपलं.

या वाक्याचीच पहिली तपासणी करू. ‘न परतणारा’ हे आम्ही कशावरून ठरवतो? रुग्ण काय सांगतो त्यावरून, थंडीच्या चाचणीवरून, एक्स-रेवरून. नस प्रत्यक्षात डोळ्यांनी कोणी बघितलेली नसते. २०१४ साली रिकुची, लॉघिन आणि सिकेरा यांनी काढलेल्या दातांचे सूक्ष्मदर्शकाखाली काप तपासले आणि दवाखान्यातल्या निदानाशी ताडून पाहिले. नस बरी आहे किंवा बरी होण्यासारखी आहे, असं ज्यांच्याबद्दल म्हटलं होतं, त्यातलं जवळजवळ ९७ टक्के निदान बरोबर निघालं. ‘न परतणारा दाह’ म्हटलेल्यांत मात्र ८४ टक्के. म्हणजे सहा जणांतल्या एकाला आपण उगीचच ‘गेली’ म्हणतो. आणि ज्यांची खरोखर बिघडलेली होती, त्यांतही बिघाड बऱ्याचदा वरच्या खोलीतल्या एका भागापुरताच होता. बाकी ऊती जिवंत आणि शाबूत. तर ‘न परतणारा’ हे विशेषण खरं तर ऊतीच्या एका तुकड्याचं आहे. आम्ही ते अख्ख्या नसेला लावत आलो.

आता सिमेंटांकडे येऊ. इथे आपल्या घरातलाच एक पदार्थ भेटतो. १९२० साली जर्मनीत हेर्मान यांनी नसेवर ठेवायला कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणलं. रसायनाच्या भाषेत ते म्हणजे विझवलेला चुना. पानाला लावतो तोच, फक्त शुद्ध केलेला. तो अतिशय अल्कधर्मी असतो. जिवाणू मारतो आणि खालच्या ऊतीला थोडं डिवचतो. डिवचलेली ऊती त्याखाली कडक थर बनवते. पुढची कित्येक दशकं हाच राजा होता.

पण चुन्याच्या दोन खोडी आहेत. तो दाताला चिकटत नाही आणि हळूहळू विरघळतो. खाली बनणाऱ्या कडक थरातही बारीक भोकं राहतात, त्यांना आमच्याकडे बोगद्यांचे दोष म्हणतात. झाकण विरघळलं आणि खालचा थर सच्छिद्र असला की जिवाणूंना पुन्हा वाट मिळते.

ती वाट किती महत्त्वाची, हे १९६५ सालच्या एका प्रयोगानं दाखवलं. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांच्या नसा मुद्दाम उघड्या केल्या आणि तशाच ठेवल्या. काही उंदीर नेहमीसारखे, काही पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या नसा सडल्या, पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या नसा उघड्या असून, वर अन्न अडकून, कोणतंही औषध न ठेवता बऱ्या झाल्या. त्यांनी स्वतःवर कडक थर चढवला. आजच्या सगळ्या विषयाची किल्ली या प्रयोगात आहे. नसेला मारतात ते जिवाणू. सिमेंटाचं पहिलं काम त्यांना बाहेर ठेवणं.

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी एमटीए पुढे आणलं. ऐकायला भारी नाव आहे, पण मूळ घटक आपल्या ओळखीचा. सुमारे ७५ टक्के शुद्ध केलेलं पोर्टलँड सिमेंट, बांधकामाचं. त्यात २० टक्के बिस्मथ ऑक्साइड, एक्स-रेत दिसावं म्हणून, आणि थोडा जिप्सम. एक गंमत बघा. हे सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच सोडतं. म्हणजे चुना इथेही आहे, पण दगडात धरून ठेवलेला. विरघळून जात नाही, ओलाव्यात घट्ट होतो, कडा नीट बसतात.

त्याच्याही अडचणी आहेत. पूर्ण घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात. आणि बिस्मथचा हायपोक्लोराइटशी संबंध आला की दात काळपट होतो. दाढेत ते चालून जातं, समोरच्या दातात नाही. नंतर, २००९-१०च्या सुमारास, फ्रान्सच्या सेप्टोडाँटचं बायोडेंटिन आलं. तेही कॅल्शिअम सिलिकेटच, पण बिस्मथऐवजी झिर्कोनिअम. साधारण बारा मिनिटांत घट्ट होतं, मजबूत, रंग बदलत नाही. फक्त एक्स-रेत जरा फिकं दिसतं. तेहरानमध्ये अस्गरी यांनी सीईएम नावाचं सिमेंट बनवलं. आता तयार पुट्टीच्या स्वरूपातही याच कुळातली सिमेंटं मिळतात.

इथपर्यंत ओळख झाली. आता निकाल बघू.

चुना विरुद्ध दगडातला चुना, हा सामना बऱ्यापैकी निकाली निघालाय. जॉर्डनमध्ये ताहा आणि खझाली यांनी २०१७ मध्ये मोठ्यांच्या, ‘न परतणारा दाह’ म्हटलेल्या ५० दातांवर अर्धवट पल्पोटॉमी केली. अर्ध्यांवर एमटीए, अर्ध्यांवर कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. वर्षानं यश ८३ विरुद्ध ५५ टक्के. दोन वर्षांनी ८५ विरुद्ध ४३. अमेरिकेत हिल्टन यांनी २०१३ मध्ये खासगी दवाखान्यांमध्ये ३७६ रुग्णांवर साधं झाकण तपासलं. यात नस काढलेली नव्हती, फक्त उघडी पडलेली. दोन वर्षांत अपयश चुन्यात ३१.५ टक्के, एमटीएमध्ये १९.७ टक्के. २०१० मध्ये ब्यॉर्नडाल यांनी डेन्मार्क-स्वीडनमध्ये मोठ्यांवर चुनाच वापरून झाकण आणि अर्धवट पल्पोटॉमी यांची तुलना केली. दोन्हींत यश जेमतेम एक तृतीयांश, तेही एका वर्षातलं. त्या काळात हा आकडा वाचून आम्हीसुद्धा म्हणालो होतो, ‘बघा, मोठ्या माणसाची नस वाचत नाही.’ आज तोच आकडा बघताना आम्ही विचारतो, नस वाचली नाही, की झाकण टिकलं नाही? दोन्ही बाजूंना एकच औषध असल्यानं त्या अभ्यासातून याचं उत्तर मिळत नाही. पण त्याच निष्कर्षावर दंतवैद्यांची एक पिढी रूट कॅनालकडे ढकलली गेली.

तर पहिला मुद्दा पक्का. मोठ्या माणसाच्या सुजलेल्या नसेवर आज नुसतं कॅल्शिअम हायड्रॉक्साइड ठेवणं समर्थनीय नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एंडोडाँटिस्ट संघटनेनंही कॅल्शिअम सिलिकेट सिमेंटांच्याच बाजूनं कौल दिला. त्याआधी २०१९ मध्ये युरोपीय संघटनेनं अशा दाढांत पूर्ण पल्पोटॉमीचं दार किलकिलं केलं होतं.

आमची खरी तक्रार दुसऱ्या सामन्याबद्दल आहे. एमटीए की बायोडेंटिन? बायोडेंटिन की पुट्टी? अमुक कंपनीचं की तमुक? गेल्या दहा वर्षांत अशा तुलनांचा पूर आलाय. बहुतेकांचा शेवट एकाच वाक्यात होतो : ‘दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.’ हे वाक्य ऐकून दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, म्हणजे दोन्ही सारखीच. विक्रेता म्हणतो, म्हणजे आमचं स्वस्त तेही तेवढंच चांगलं.

चार गोष्टी इथे नीट बघायला हव्यात.

पहिली, संख्या. एका गटात पंचवीस-तीस दाढा असतील तर ८५ आणि ४३ एवढा ढळढळीत फरक पकडता येतो. पण एकाच कुळातल्या दोन सिमेंटांत फरक असलाच तर तो ९० आणि ८५ असा असणार. हा पाच टक्क्यांचा फरक भरवशानं पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे सातशे दाढा लागतात. हिशोब कुणीही करून बघावा, सूत्र नेहमीचंच आहे. तीस दाढांच्या अभ्यासात फरक न सापडणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोन्याच्या दोन अंगठ्या ठेवून ‘वजन सारखं’ म्हणण्यासारखं आहे. काटाच तेवढा बारीक नाही. हरियाणात रोहतकच्या दंत संस्थेतून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. दाढांवर पल्पोटॉमी, त्यावर रक्तापासून बनवलेलं प्लेटलेटचं जाळं, एमटीए आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, असे तीन गट. मिळून पन्नासच्या आसपास दाढा. तिन्हींत ठळक फरक निघाला नाही. आता यावरून कुणी म्हणालं की चुनाही तितकाच चांगला, तर जॉर्डनच्या आकड्यांचं काय करायचं? दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध भांडत नाहीत. एक काटा जाड आहे, एवढंच.

दुसरी, मुदत. आपल्याकडे हे अभ्यास बहुतेक वेळा एमडीएसच्या प्रबंधासाठी होतात. एमडीएस तीन वर्षांचं. पहिलं वर्ष विषय ठरवणं, नीतिसमितीची परवानगी आणि नोंदणी यात जातं. रुग्ण गोळा करायला सहा-आठ महिने. प्रबंध लिहून द्यायला शेवटचे काही महिने. मग रुग्णाकडे बघायला उरतं सहा महिने ते वर्ष. म्हणून ‘बारा महिन्यांचे निकाल’ हा आपला ठराविक मथळा झालाय. दाढेला बारा महिन्यांचं वेळापत्रक माहीत नसतं, ते अभ्यासक्रमाचं आहे. ब्यॉर्नडाल यांच्याच रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा २०१७ मध्ये आला, तेव्हा वर्षानं दिसलेलं यशही बरंच घसरलेलं होतं. जे बारा महिन्यांत टिकतं ते साठ महिन्यांत टिकेल, असं गृहीत धरता येत नाही. सिमेंट चुन्यापेक्षा चांगलं असलं तरीही.

तिसरी गोष्ट, यश कशाला म्हणतात. दुखत नाही, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली नाही, झालं यश. पण खाली नस जिवंत आहे, की हळूहळू दगड होऊन बसलीय, की चुपचाप मेलीय, हे यातून कळत नाही. पूर्ण पल्पोटॉमीनंतर थंडीची चाचणीही निकामी होते, कारण वरची ऊती काढलेलीच असते. म्हणून आकडे वाचताना ‘यश’ या शब्दाऐवजी ‘अजून तक्रार नाही’ असं मनात म्हणून बघावं.

चौथी आमच्या मते सगळ्यात मोठी. या अभ्यासांत सिमेंट बदलतं ठेवलं जातं आणि बाकी सगळं एका ओळीत गुंडाळलं जातं. रबर डॅम लावला होता का? म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा, लाळ आत येऊ नये म्हणून. रक्त किती मिनिटांत थांबलं? वरचं पक्कं भरण त्याच दिवशी केलं की तात्पुरतं भरून पंधरा दिवसांनी बोलावलं? रुग्ण त्या पंधरा दिवसांनी आला का? उंदरांचा प्रयोग आठवा. जिवाणू बाहेर ठेवणं हे मुख्य काम. मग ज्या गोष्टी जिवाणूंना थेट आत सोडतात किंवा अडवतात, त्यांची तुलना न करता एकाच दगडाच्या दोन जातींची तुलना आपण का करत बसतो? याचं एक उत्तर सरळ आहे. सिमेंटाला कंपनी असते. ‘भरण त्याच दिवशी करा’ याला कंपनी नसते.

आता विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्हीही एकतर्फी बोलतो असं होईल.

योग्य प्रश्न विचारणारे अभ्यास आहेत. इराणमध्ये अनेक आरोग्यकेंद्रांमध्ये मिळून ४०७ रुग्णांवर झालेला अभ्यास. ‘न परतणारा दाह’ असलेल्या दाढा. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट. एकाला पल्पोटॉमी आणि सीईएम, दुसऱ्याला एका बैठकीतलं रूट कॅनाल. पाच वर्षांनी यश ७८.१ आणि ७५.३ टक्के. म्हणजे नस वाचवणं रूट कॅनालपेक्षा कमी पडलं नाही. प्रश्न सिमेंट विरुद्ध सिमेंट नव्हता. रुग्णाला दवाखान्यात खरोखर निवडावं लागतं ते दोन रस्ते एकमेकांसमोर ठेवले होते. रोहतकहूनच २०१७ मध्ये गलानी आणि सहकाऱ्यांनी एमटीए वापरून पल्पोटॉमीची तुलना रूट कॅनालशी केली. यश जवळपास सारखं, आणि उपचारानंतरचं दुखणं पल्पोटॉमीत कमी. आपल्या देशातला, आपल्यासारख्या रुग्णांवरचा, योग्य प्रश्न विचारणारा अभ्यास, म्हणून आम्ही त्याला मानतो.

तरी इराणच्या अभ्यासाकडेही डोळे मिटून बघू नये. सिमेंट ज्यांनी बनवलं, त्यांनीच अभ्यासाचं नेतृत्व केलं. पाच वर्षांनी मूळच्या सगळ्या रुग्णांना गाठता आलं नाही. आणि रूट कॅनालचा ७५ टक्क्यांचा आकडा चांगल्या हातांच्या मानानं कमीच आहे. म्हणजे पल्पोटॉमी उत्तम रूट कॅनालच्या तोडीची ठरली, की सर्वसाधारण रूट कॅनालच्या? आमचं मत असं की हा दोष कमी आणि वास्तव जास्त आहे. आपल्या गल्लीबोळातल्या दवाखान्यांत होणारं रूट कॅनालही सर्वसाधारणच असतं. आमचंही काही वेळा.

इथे आमच्या दोन दाढा सांगतो. नावं सांगणार नाही.

पहिली, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी, हॉस्टेलवर राहणारी. परीक्षेआधी चार दिवस लवंग तेल आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर काढलेले. खालची दाढ. पूर्ण पल्पोटॉमी केली, हायपोक्लोराइटचा बोळा ठेवून पाच मिनिटांत रक्त थांबलं, बायोडेंटिन ठेवलं, त्याच दिवशी पक्कं भरण. त्या रात्री ती झोपली. गेल्या वर्षी लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा एक्स-रे काढला, सावली नव्हती. अजून तक्रार नाही.

दुसरी दाढ एका काकांची, वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह. सिमेंट तेच, हात तेच. रक्त थांबायला वेळ लागला. आम्ही स्वतःला समजावलं की थांबलं ना शेवटी. संध्याकाळची गर्दी होती, तात्पुरतं भरलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हटलं. काका गावी गेले, दीड महिन्यानं आले. भरणाचा एक कोपरा तुटलेला. चार महिन्यांत दाढ सुजली, रूट कॅनाल करावं लागलं. वर दोन उपचारांचा खर्च. काका चिडले, आणि बरोबर चिडले.

दोन दाढांवरून कोणताच नियम निघत नाही, हे आम्हाला कळतं. आत्ताच संख्येबद्दल एवढं बोललो, तर दोन उदाहरणांवर निष्कर्ष काढणार नाही. पण काकांच्या दाढेचा हिशोब लावताना एकदाही आमच्या मनात ‘दुसरं सिमेंट वापरायला हवं होतं’ असं आलं नाही. आलं ते रक्ताचं आणि तात्पुरत्या भरणाचं. ज्या गोष्टींवर आम्ही मनातल्या मनात दोष ठेवतो, नेमक्या त्याच गोष्टी अभ्यासांत मोजलेल्या सापडत नाहीत. ही आमची तक्रार आहे.

पैशाबद्दल बोलणं टाळलं तर हे व्याख्यान अर्धवट राहील. रूट कॅनाल आणि वरची कॅप यातून दवाखान्याला जास्त मिळतं. पल्पोटॉमीत बैठका कमी, मोठं भरण शाबूत असेल तर बऱ्याचदा कॅपही टाळता येते. सिमेंट महाग असतं, पण एका दाढेला लागतं चिमूटभर. म्हणजे रुग्णाच्या खिशाला परवडणारा उपचार दवाखान्याला कमी परवडतो. आम्ही धरून सगळ्यांनी हे कबूल करायला हवं. मग ‘पुरावा अजून पुरेसा नाही’ असं म्हणताना आपण पुराव्याबद्दल बोलतोय की गल्ल्याबद्दल, हे स्वतःलाच विचारता येतं. उलट टोकही आहे. कमी वेळात होतं म्हणून, रक्त थांबो न थांबो, सरसकट पल्पोटॉमी करून ‘आम्ही नस वाचवतो’ अशी पाटी लावणारेही दिसायला लागलेत. तेही तितकंच चुकीचं.

मग काय करायला हवं? एक साधी सूचना आहे. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, कॅम्पात रंगूनवाला, वडगावला सिंहगड, अशी दंत महाविद्यालयं आहेत. दर वर्षी प्रत्येक ठिकाणी वेगळे छोटे प्रबंध करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच आराखडा ठरवावा. सिमेंट एकच, कोणतंही कॅल्शिअम सिलिकेट. तुलना करायची ती त्याच दिवशीचं पक्कं भरण आणि नंतरचं भरण यांची. रक्त थांबायला लागलेली मिनिटं घड्याळ लावून लिहायची. वय, मधुमेह, तंबाखू यांची नोंद. या वर्षीचा विद्यार्थी रुग्ण घेईल, पुढच्या वर्षीचा त्यात भर घालेल, त्याच्या पुढचा जुन्या रुग्णांना बोलावेल. प्रत्येकाला प्रबंधही मिळेल. पाच वर्षांत शेकड्यांनी दाढा जमतील. अभ्यास सुरू होण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आराखडा टाकायचा, म्हणजे निकाल बघून नंतर प्रश्न बदलता येणार नाही. याला मोठी मशिनं लागत नाहीत. लागतो तो फोन करून रुग्णाला परत बोलावण्याचा चिवटपणा. ज्या माळावर महर्षी कर्व्यांनी एका झोपडीतून संस्था उभी केली, तिथे उभं राहून चिवटपणा अवघड आहे असं म्हणायला आम्हाला तरी जीभ रेटत नाही.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं? दाढ दुखली की आठ दिवस गोळ्यांवर काढू नका. नस वाचण्याची शक्यता त्या आठ दिवसांत कमी होत जाते. आणि डॉक्टरांना कोणतं सिमेंट वापरणार हे जरूर विचारा, पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. रबर डॅम लावणार का? रक्त थांबलं नाही तर काय करणार? आणि पक्कं भरण आजच होणार का?

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : डॉक्टर, रक्त किती मिनिटांत थांबलं पाहिजे?

उत्तर : आम्ही बोळा दाबून पाच-सहा मिनिटं बघतो, फार तर दहा. न थांबल्यास मुळातली ऊतीही सुजलेली असण्याची शक्यता जास्त, मग रूट कॅनाल. उलट, उघडल्यावर रक्तच आलं नाही, किंवा पू आला, तरी रूट कॅनालच. पण ही मिनिटं काही पक्का कायदा नाही, अंदाज आहे. बधिरीकरणाच्या इंजेक्शनमध्ये रक्तवाहिन्या आकुंचन पावणारं औषध असतं, त्यानंही रक्त कमी येतं. म्हणून तर ती मोजून लिहा म्हणतोय.

प्रश्न : माझं वय सदुसष्ट. माझ्या दाढेला हे चालेल का?

उत्तर : काकू, नुसत्या वयामुळे ‘नाही’ म्हणणार नाही. वयानुसार नसेची खोली अरुंद होते, रक्तपुरवठा कमी होतो, हे खरं. पण बऱ्याच अभ्यासांत तरुण रुग्णच जास्त असल्यानं तुमच्या वयाचा आकडा तुमच्यासमोर ठेवता येत नाही. तपासून, दाढ उघडून, रक्त बघून ठरवावं लागेल. आणि बिघडली तर रूट कॅनालचा रस्ता नंतरही मोकळा असतो. मुळाच्या वाटा चुन्यासारख्या कडक होत गेल्या तर तो जरा अवघड होतो, हेही आधीच सांगतो.

प्रश्न : मग बायोडेंटिन चांगलं की एमटीए, हे शेवटी सांगितलंच नाहीत.

उत्तर : (हशा) दाढेत आम्ही बहुतेक वेळा बायोडेंटिन वापरतो. कारण बारा मिनिटांत घट्ट होतं आणि त्याच दिवशी वरचं भरण करता येतं. ते जास्त यशस्वी आहे असा पुरावा आमच्याकडे आहे म्हणून नाही. एवढा फरक लक्षात राहिला तरी आजचं येणं वाया गेलं नाही.